पानाची उजवी बाजू

अभ्यासिकेच्या राउटरचं पान माझ्या मोबाइलवर कधीच पूर्ण उघडलं नाही. ते तयार करणाऱ्याने समोर टेबल, खुर्ची आणि हातभर रुंद स्क्रीन घेऊन बसलेला माणूस गृहीत धरला असणार. मी दाराजवळच्या स्टुलावर बसतो, मांडीवर हजेरीची वही असते, आणि पानाचा जो डावीकडचा तुकडा मोबाइलवर दिसतो त्यावर चाळीस जणांचं इंटरनेट चालवतो.

ही अभ्यासिका सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. सरकारी भरतीच्या परीक्षा देणारी मुलंमुली इथे सकाळी सातपासून येऊन बसतात. मीही बसायचो. खिडकीपासून तिसरी खुर्ची माझी होती आणि तिथे मी नऊ वर्षं काढली. वयाची अट संपली त्या महिन्यात मी खुर्ची सोडायला गेलो, तर वरच्या मजल्यावर राहणारे मालक म्हणाले, "इतकी वर्षं आत बसलात, आता दाराशी बसा. तुम्हाला इथलं सगळं पाठ आहेच. परीक्षेतलं नसेल, पण इथलं आहे." मालक असंच बोलतात. मी दाराशी बसलो, त्याला चार वर्षं झाली.

विश्रांतवाडीहून रोज बसने येतो. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, संध्याकाळी विहारात जाऊन बसतात. तिथे कुणी माझी चौकशी केली की "मुलगा सदाशिव पेठेत असतो" एवढंच सांगतात. काय करतो ते सांगत नाहीत. खोटंही बोलत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही, पण ते वाक्य ऐकलं की थकल्यासारखं होतं.

आमच्याकडे बंदीची पद्धत आहे. ती मी सुरू केली नाही, मुलांनीच आणली. जाहिरात निघाली आणि परीक्षा जवळ आली की एकेक जण माझ्याकडे अर्ज घेऊन येतो, की वायफायवरून माझ्या मोबाइलची अमुक साइट बंद करा. अर्ज तोंडी चालत नाही. मराठीच्या पेपरला कार्यालयीन पत्र लिहावं लागतं, म्हणून त्याचाही सराव होतो. 'प्रति, व्यवस्थापक. विषय : माझ्या मोबाइलवर बंदी घालण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' असं रीतसर. खाली सही, तारीख, आसन क्रमांक. हे अर्ज मी फायलीत लावतो.

बंदी दोन प्रकारची. साध्या बंदीत व्हिडिओच्या साइट बंद होतात. कडक बंदीत सगळंच बंद होतं आणि मी केलेल्या यादीतल्या दहा-बारा साइट फक्त उघडतात. त्यात दोन वर्तमानपत्रं, जुन्या प्रश्नपत्रिका आणि निरनिराळ्या खात्यांच्या भरतीच्या साइट. कडक बंदीच्या अर्जात शेवटी एक वाक्य सक्तीचं आहे : 'मी स्वतः विनंती केली तरी सदर बंदी उठवण्यात येऊ नये.' हे वाक्य मात्र माझं. पहिल्या वर्षी मुलं अर्ज द्यायची आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून उभी राहायची, म्हणून घातलं. कुणी उभं राहिलं की मी फाइल उघडतो आणि त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवतो. मला त्यात थोडी मजा यायची, हे कबूल करतो. हॉटस्पॉटलाही मनाई आहे. कुणी दुसऱ्याला मोबाइलवरून नेट दिलं तर दोघांची खुर्ची जाते.

नियम कडक असले तरी ते राबवायचं साधन म्हणजे माझा मोबाइल. मालकांना एकदा सांगून पाहिलं की जुना का होईना, एखादा कॉम्प्युटर द्या. ते म्हणाले, "अहो, चार बटणं दाबायला कॉम्प्युटर? उद्या पंखा लावायला इंजिनिअर मागाल." मग मी परत मागितला नाही.

राउटर माझ्या डोक्यावर, हात उंचावला तर लागेल इतक्या अंतरावर आहे. पण त्याच्या पानावर जायचं म्हणजे दिव्य. आकड्यांचा पत्ता टाकला की मोबाइल ते आकडे जगभर शोधायला निघतो आणि हा पत्ता कशाचा असतो यावर कुणा परक्याने लिहिलेलं प्रवचन समोर ठेवतो. पुन्हा टाकायचा. मग इशारा येतो की ही साइट सुरक्षित नाही. डोक्यावरचा डबा सुरक्षित नाही, ठीक आहे, पुढे जाऊ. पासवर्ड टाकताना कीबोर्ड वर येतो आणि ज्यावर बोट ठेवायचं ते बटण झाकून टाकतो. कीबोर्ड खाली ढकलावा तर पानही सरकतं. 'डेस्कटॉप साइट' करून पाहिलं की अक्षरं खसखशीएवढी होतात. मोठी करावीत तर पान उजवीकडे बाहेर निघून जातं. शिवाय पाच मिनिटांत ते तुम्हाला ओळखेनासं होतं आणि पुन्हा पासवर्ड मागतं. एकदा 'सेव्ह' समजून शेजारचं बटण दाबलं गेलं आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तेवढ्या दोन मिनिटांत चाळीस माना माझ्याकडे वळल्या होत्या. तेव्हापासून मी त्या पानावर उगाच इकडेतिकडे सरकायचं सोडून दिलं. डावीकडे मोबाइलची नावं दिसतात, त्याच्या शेजारी बंदीचा प्रकार, त्याच्या शेजारी साइटच्या पत्त्यांची सुरुवात. एवढ्यावर भागत होतं. उजवीकडे अजून काय आहे, ते पाहायचा उत्साह मला राहिला नव्हता.

ताई लोणी काळभोरहून यायची. तिला सगळे ताई म्हणायचे, कारण अभ्यासिकेत ती सगळ्यांत मोठी होती. सकाळची बस धरून सातला हजर, संध्याकाळी सातच्या बसने परत. बोलणं बेतास बात. शहरातल्यासारखं जपून बोलायची, पण दमली की गावची भाषा बाहेर यायची. तिच्याकडे भावाचा जुना मोबाइल होता, काच तडकलेली, सिम काढून टाकलेलं. तो फक्त आमच्या वायफायवर चालायचा. फोनसाठी वेगळा बटणांचा मोबाइल. त्या वर्षी तिने स्वतःहून कडक बंदीचा अर्ज दिला. अक्षर मोत्यासारखं, सक्तीचं वाक्य अधोरेखित केलेलं.

एका खात्याची भरती निघाली होती. जाहिरात मीच फलकावर लावली आणि अर्जाची साइट, शेवटची तारीख, सायंकाळी सहाची मुदत यांच्याखाली लाल रेघा मारल्या. वयाच्या अटीत बसेल अशी ताईची ही शेवटची जाहिरात होती. हे तिने मला सांगितलं नव्हतं. हजेरीच्या वहीत जन्मतारीख असते आणि असली गणितं मला न करता सुटतात. माझ्या शेवटच्या वर्षी मी जसा बसायचो तशीच ती बसायची, पाठ भिंतीला न टेकता.

अर्जाला तिचं नॉन-क्रिमीलेअरचं प्रमाणपत्र अडलं होतं. तहसील कार्यालयात खेटे घालून ते हातात पडलं तेव्हा मुदतीला दोन दिवस उरले होते. त्या दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, फॉर्मची साइट उघडत नाही."

मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "शेवटच्या दोन दिवसांत कुणाची उघडते?"

यात काही नवीन नव्हतं. आमच्या या धंद्यात शेवटच्या तारखेला साइट रखडणं इतकं ठरलेलं आहे, की ती सुरळीत चालली तर लोक भरतीवरच संशय घेतील. नऊ वर्षं मीही ते गोल फिरणारं चाक पाहत बसलो होतो. त्या दिवशीही जिन्यात उभे राहून आपापल्या नेटवर फॉर्म भरणारे दोघंतिघं साइटच्या नावाने बोटं मोडत होते. ताई जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, अकरा वाजता ती पुन्हा आली. "सर, थोडा वेळ बंदी उठवता का? फॉर्मपुरती."

तिच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी फाइल काढली, तिचा अर्ज शोधला आणि वाचला, "मी स्वतः विनंती केली तरी सदर बंदी उठवण्यात येऊ नये. सही कुणाची आहे, ताई?"

"माझी आहे," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्च्यांवरचे दोघं हसले. मीही हसलो.

चार वाजता ती तिसऱ्यांदा आली. या वेळी उभीच राहिली. "उघडतच नाय, सर. काल दुपारपासून एकदाबी उघडली नाय. बाकीच्यांची हळूहळू का होईना उघडती."

तिची भाषा बदललेली माझ्या कानाने टिपली होती. मी मोबाइल काढला, आकडे टाकले, प्रवचन बाजूला केलं, इशारा ओलांडला, पासवर्ड दिला. यादी उघडली. त्या खात्याच्या साइटच्या पत्त्याची सुरुवात तिथे स्वच्छ दिसत होती. मी स्क्रीन तिच्यासमोर धरली. "हे बघा. यादीत आहे. म्हणजे आपल्याकडून मोकळी आहे. साइट हँग आहे, पाचनंतर गर्दी ओसरली की चालेल."

"मग कॅफेत जाऊ का?"

"कॅफेवाल्याकडे काय वेगळं इंटरनेट येतं का?"

हे वाक्य मी सहज बोललो. अशी वाक्यं मला नेहमीच सहज सुचतात. ती परत जाऊन बसली, कारण दाराशी बसणारा माणूस नऊ वर्षं हेच करत आला होता आणि त्याला यातलं कळतं असं तिला वाटत होतं. पाच वाजून गेले. सव्वापाचला तिने पिशवी उचलली आणि माझ्याशी न बोलता खाली उतरली. कोपऱ्यावरच्या कॅफेत रांग होती. तिचा नंबर सहाला दहा कमी असताना लागला. पान उघडलं, पण अडखळत. फोटो चढला, सही चढायच्या आत सहा वाजले. हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितलं. ताई त्या दिवशीही सकाळी सातला आली होती, नेहमीच्या खुर्चीवर बसली होती आणि पुस्तक उघडं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या क्लासची मुलं आमचं वायफाय वापरतात असं लक्षात आलं. पासवर्ड बदलायला हवा होता आणि माझा मोबाइल त्या पानावर सारखा अडकत होता. एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या लॅपटॉपवर करा ना." तिने लॅपटॉप माझ्या स्टुलासमोरच्या टेबलावर ठेवला.

चार वर्षांत पहिल्यांदा मला ते पान पूर्ण दिसलं. डावी बाजू, उजवी बाजू, सगळे रकाने एका ओळीत. साइटचे पत्ते शेवटच्या अक्षरापर्यंत उघडे. मी पासवर्ड बदलला, आणि बंद करायच्या आधी सहज यादीकडे पाहिलं. त्या खात्याच्या साइटचा पत्ता जुना होता. सुरुवात तीच, पुढचा सगळा भाग वेगळा. या भरतीपासून त्यांनी नवी साइट सुरू केली होती आणि तिचा पत्ता समोरच्या फलकावर होता. खाली माझीच लाल रेघ होती.

मी लॅपटॉप त्या मुलीला परत दिला. आभार मानले की नाही, आठवत नाही. पहिला विचार आला तो असा, की कुणाला कळणार आहे? ताईसकट सगळ्यांनी दोष साइटला दिला होता. मी यादीतला पत्ता दुरुस्त केला असता तर विषय संपला असता. हा विचार मी दोन दिवस सांभाळला. विश्रांतवाडीच्या बसमध्ये, घरी जेवताना, वडील वर्तमानपत्र वाचून दाखवत असताना. स्वतःला समजावत होतो की फॉर्म भरला असता तरी निवड झालीच असती कशावरून. माझी नऊ वेळा झाली नव्हती. पण मला निदान नऊ वेळा परीक्षेला बसू दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई अर्ज घेऊन आली. 'विषय : कडक बंदी उठवण्याबाबत व आसन रिक्त करण्याबाबत.' भावाला मोबाइल परत द्यायचा होता. तिने खात्याकडे तक्रार केली होती, की साइट चालत नसल्यामुळे अर्ज राहिला. त्यांचं उत्तर आलं होतं, की त्या काळात इतर उमेदवारांचे अर्ज दाखल झाले आहेत, साइट सुरू होती. वर दाद मागायची असेल तर कारणाचा पुरावा जोडावा.

"आता कशाचा पुरावा देणार," ती म्हणाली. "जाऊ द्या. बंदी तेवढी काढा."

मी मोबाइल काढला नाही. तिला बाहेर जिन्यात बोलावलं आणि सांगितलं. यादीत जुना पत्ता होता. मोबाइलवर अर्धाच दिसतो. नवा पत्ता मी टाकलाच नव्हता. बाहेर साइट मंद होती, पण तुमच्या मोबाइलवर ती या अभ्यासिकेतून उघडणारच नव्हती, पहिल्या दिवशी नाही, शेवटच्या दिवशी नाही, कधीच नाही.

ती कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "म्हंजी मी दोन दिस जिथं बसले होते, तिथंच बंद हाय."

"हो."

"आन् जिन्यात उभी ऱ्हायले असते, कुणाचं नेट घेतलं असतं, तर झालं असतं."

"झालं असतं. पण हॉटस्पॉटला मनाई आहे. ती पण माझीच."

ती रडेल असं मला वाटत होतं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा त्या जपून बोलायच्या आवाजात म्हणाली, "लिहून द्याल?"

आम्ही आत आलो. मी कोरा कागद घेतला. आयुष्यात इतकी कार्यालयीन पत्रं लिहिली, सगळी काल्पनिक. काल्पनिक पाणीपुरवठा, काल्पनिक रस्त्याची दुरुस्ती, खाली 'आपला विश्वासू' आणि अ.ब.क. हे पहिलंच, ज्याखाली माझं नाव येणार होतं. ताई समोर उभी होती, मी बसायला सांगितलं तरी बसली नाही. मी लिहिलं की सदर उमेदवार अमुक तारखेला दुपारपासून अर्ज भरण्याचा प्रयत्न करत होत्या, तथापि अभ्यासिकेच्या वायफायच्या यादीत संकेतस्थळाचा जुना पत्ता असल्याने ते त्यांच्या मोबाइलवर उघडू शकले नाही, सदर चूक व्यवस्थापक या नात्याने माझ्याकडून अनवधानाने झाली आहे, उमेदवाराचा यात कोणताही दोष नाही. या कागदाने काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं. मुदत संपलेली असली की कारण कितीही खरं असलं तरी कुणी वाचत नाही. तिलाही ते ठाऊक असणार, तीही माझ्यासारखीच बरीच वर्षं या कामात होती.

कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्याने पूर्ण वाचला, पेपर तपासताना वाचतात तसा, ओळीखाली बोट फिरवत. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, कागद टेबलावर ठेवला आणि 'अनवधानाने' या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

"हा नको, सर," ती म्हणाली. "मी तीनदा सांगितलं होतं."

खाडाखोड झाली की तिच्याशेजारी सही लागते, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. तिने पेन माझ्यापुढे धरलं. मी आधी त्या रेघेशेजारी सही केली आणि मग खाली, नावावर.